बारा सुदृढ रुग्ण हवेत

बारा माणसं हवी होती. तब्येतीनं ठणठणीत, पण दहा मिनिटं आजारी पडायला राजी. मागणी एवढीच होती, आणि कासार आंबोलीसारख्या गावात ती एका संध्याकाळी पुरी होईल असा माझा अंदाज होता. मी अठ्ठावीस वर्षं माले गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अंदाज आणि निष्कर्ष यांत फरक असतो, हे दर जूनमध्ये नववीच्या वर्गाला सांगतो. तरीही.

मागणीचं कारण असं. आमची मुलगी प्रियदर्शिनी, घरात दर्शू, परदेशात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला आहे. देशाचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात त्या देशाची काही चूक नाही. गावात तो 'रशियाच्या अलीकडचा' म्हणून ओळखला जातो. तिथं परवान्याची परीक्षा शिकता शिकताच टप्प्याटप्प्यानं द्यावी लागते. लेखी टप्पा दर्शू उत्तम पास झाली. प्रात्यक्षिकात तीन गुणांनी गेली.

प्रात्यक्षिकाची रीत मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातून निघाला. बारा खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एकेक माणूस आजाराचं सोंग घेऊन बसलेला असतो. विद्यार्थ्यानं दहा मिनिटांत विचारपूस करून आजार ओळखायचा. ओळखण्याचे गुण परीक्षक देतो; वागण्याचे गुण मात्र तो सोंग घेतलेला माणूस देतो. दर्शूनं बारांपैकी अकरा आजार बरोबर ओळखले. वागण्यात नापास. गुणपत्रकाखाली शेरा होता : 'विद्यार्थिनी रुग्णाचे बोलणे सरासरी अकराव्या सेकंदाला तोडते.'

"मला वाटतं, तिला घाई..." कल्पना, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली.

"घाई नव्हे, हुशारी," मी म्हणालो. "ज्याला अकरा सेकंदांत कळतं त्यानं बाराव्या सेकंदाला काय करायचं?"

कल्पनेनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कुकर लावायला गेली. तिच्या पाहण्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही.

दुसरा प्रयत्न सप्टेंबरात होता. त्याचा फॉर्म रविवारी, वीस जुलैला, आपल्याकडच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा. नाही भरला तर कॉलेजच्या पटावरून नाव कमी. आणि दर्शू म्हणत होती, भरणार नाही. सव्वीस जूनला ती घरी आली ती थेट आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. एकोणीस दिवसांत तिनं तीन गोष्टी केल्या : झोपली, मोबाइलवर हिंजवडीच्या नोकऱ्या पाहिल्या, आणि कुणी आलं की 'सुट्टी आहे' असं सांगायला मला लावलं. तिसऱ्या आठवड्यात लोक हिशेब करू लागले. ही कसली सुट्टी, जिच्यात पोरगी गॅलरीतसुद्धा येत नाही?

चौदा तारखेला मी दारात उभं राहून विचारलं, "काय केलं तर फॉर्म भरशील?"

ती भिंतीशीच बोलली. "बारा माणसं आणा, बाबा. माझ्याशी दहा दहा मिनिटं बोलतील आणि शेवटी म्हणतील, की ह्या पोरीनं आमचं ऐकून घेतलं. बाराच्या बारांनी म्हटलं तर भरते."

तिनं ही अट मी पुरी करावी म्हणून घातली नव्हती. ती घातली होती मी दारातून जावं म्हणून. पण मी शिक्षक आहे. अट ऐकली की मी कागद घेतो.

अडचण एकच होती. माणसं गोळा करायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं म्हणजे नापास हा शब्द स्वतःच्या घराबद्दल उच्चारावा लागणार. तो शब्द मी आयुष्यभर लाल शाईनं दुसऱ्यांच्या घरी पाठवत आलो. सुरुवात मी नथूपासून केली. नथू आमचा शेजारी. आसपासच्या चार बंगल्यांची राखण करतो, आणि नववीला विज्ञानात माझ्याच हातून दोनदा गेलेला आहे.

"आपली दर्शूताई? नापास?"

"तीन गुणांनी," मी म्हणालो.

"ते असू द्या वो सर. नापास ते नापासच."

हे वाक्य माझंच होतं. त्याला मी २००३ साली ऐकवलेलं. नथूच्या चेहऱ्यावर दुःख होतं हे मी नाकारत नाही. पण दुःखाच्या मागे आणखी काहीतरी होतं आणि ते दिवाळीच्या आसपासचं होतं.

अर्ध्या तासात आमच्या ओट्यावर पाच जण जमले. पाचही माझे माजी विद्यार्थी, पाचही कधी ना कधी गेलेले. बसण्यात एक शिस्त होती : जो जास्त वेळा नापास, तो खुर्चीवर. खुर्चीवर सुनील बसला. दहावीला तीन वेळा. आता ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे.

"ताई," तो बंद दाराकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "पयल्या खेपेला लई लागतं. दुसऱ्यांदा काय वाटत न्हाई. तिसऱ्यांदा तर मी निकाल बघाया गेलोच न्हाई. सरांचं तोंड बघितलं, तितंच कळालं."

"पुन्हा तपासणीचा अर्ज करू नको म्हणून सांग तिला," दुसरा म्हणाला. "माझे त्यात दोन मार्क कमी झालेले."

दाराआडून एक आवाज आला. आधी मला तो हुंदका वाटला. कल्पना म्हणाली, हसली ती. आणि तिनं पाच जणांसाठी पोहे टाकले. एरवी माझ्या माजी विद्यार्थ्यांना आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही, असा गावात समज आहे.

त्याच संध्याकाळी मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश टाकला. त्यातला शब्द न् शब्द मोजून लिहिला होता : 'वैद्यकीय विद्यार्थिनीस प्रात्यक्षिक सरावासाठी बारा सुदृढ रुग्ण हवेत. प्रत्येकास एका आजाराची माहिती चिठ्ठीवर दिली जाईल. त्याप्रमाणे दहा मिनिटे अभिनय करावा. तपासणी अथवा औषधोपचार होणार नाहीत.' खाली तारीख, वेळ, पत्ता. तेवीस जणांनी अंगठा दाखवला.

पंधरा तारखेला एकही सुदृढ माणूस आला नाही. जुलैचा मध्य, भाताची आवणी सुरू. ज्याला वाकता येतं तो प्रत्येक जण चिखलात रोपं लावत होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण त्याच दिवशी माझ्या वर्गातले अठरा जण याच कारणानं गैरहजर होते. आल्या त्या फक्त पाच म्हाताऱ्या, ज्यांना आता वाकता येत नाही. त्यांच्या पुढं होत्या नथूच्या आई, बाळाबाई. आमच्या घरातून गोजराबाई, माझी आत्या, आधीच पाट टाकून बसली होती.

मी चिठ्ठ्या वाटल्या. बाळाबाईंना वाचून दाखवली : 'छातीत दुखते, डावा हात भरून येतो.' त्यांनी चिठ्ठी विंचू टाकावा तशी टाकली.

"घरात बसून असलं बोलायचं, मास्तर? वास्तू तथास्तू म्हंती."

"हे माझं घर आहे, बाळाबाई. इथली वास्तू काही म्हणत नाही."

"तुमची न्हाई म्हणत. पण माज्या तोंडातनं निघालेलं माज्या घरापत्तुर जातंच की."

खडू हातात नसला तरी मी शिक्षकच असतो. मी त्यांना ध्वनी कसा पसरतो ते सांगितलं, अंतराबरोबर तो कसा क्षीण होतो तेही सांगितलं. पाचही जणींनी मन लावून ऐकलं. मग बाळाबाईंनी विचारलं, "माजं घर किती लांब?"

"साठेक मीटर."

"मग पोचतंय," त्या म्हणाल्या, आणि चौघींनी मान डोलावली.

तडजोड म्हणून एकीनं आजार नणंदेच्या नावावर घ्यायचं कबूल केलं. दर्शूला कल्पनेनं हाताला धरून बाहेर आणलं होतं. तिनं विचारलं, "कुठं दुखतं?" बाई म्हणाली, "ती वाकडला असती. इचारून सांगते," आणि खरंच फोन लावला. दुसरी म्हणाली, मुतखडा चालेल, कारण तो होऊन गेलाय, पुन्हा काय व्हायचं राहिलंय? तिसरीनं चिठ्ठी वाचून न घेताच परत केली.

तेव्हा आत्या पुढं सरकली. "आण सगळ्या चिठ्ठ्या हिकडं. आपल्या घरात बुद्धाचं त्रिशरण म्हणत्यात, तथास्तू न्हाई. मला कसलाबी आजार चालतुया."

आत्याचा उत्साह मोठा, माप नाही. तिला पहिलीच चिठ्ठी साध्या सर्दीची लागली. दुसऱ्या मिनिटाला ती आडवी झाली, तिसऱ्या मिनिटाला तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि माझ्याकडे शेवटचं पाणी मागितलं.

"आजी, सर्दीनं कुणी मरत नाही," दर्शू म्हणाली.

आत्या उठून बसली. "तू मधी बोलू नगं. मधी बोलतीस म्हणूनच तर नापास झालीस."

दर्शू उठली, आत गेली, आणि या वेळी कडीचा आवाज आला. आपण काय बोलून बसलो ते आत्याला लगेच कळलं. ती दारापाशी जाऊन "दर्शे, अगं सर्दी झालेल्या मानसाचं काय एवढं मनावर घेतीस," असं किती तरी वेळ म्हणत राहिली. कडी निघाली नाही. फॉर्मला पाच दिवस उरले होते आणि माझ्याकडे बारा रुग्णांपैकी एक होता, तोही मयत.

यानंतर सल्ल्यांचे दोन दिवस गेले. सुनील म्हणाला, सगळ्यांना लवासाला नेऊ. रिकाम्या इमारती ढीगभर, हव्या तेवढ्या खोल्या. मी विचारलं, नेणार कशात? तो म्हणाला, ते नंतर बघू. निवडणुकीच्या आधी सगळं नंतर बघायचं असतं. एका पालकानं सुचवलं, आजारांची नावं इंग्रजीतच सांगावीत, वास्तूला कळणार नाहीत. हे मला पटण्याच्या इतकं जवळ आलं, की मी त्या दिवशी लवकर झोपलो.

उत्तर सापडलं ते नथूला. "सर, माज्याकडं एक बंगला हाय. तीन वर्सं झाली, आर्धाच हाय. वास्तुशांतच झाली न्हाई त्याची. वास्तू बसवलीच न्हाई, तर तथास्तू म्हणनार कोन?"

हा मुलगा माझ्या विषयात दोनदा नापास झाला होता, आणि एका चुकीच्या गृहीतकावरून इतकं बिनचूक अनुमान मी अठ्ठावीस वर्षांत एकाही उत्तरपत्रिकेत पाहिलं नव्हतं. पुण्याच्या मालकांना त्यानं माझ्यादेखत फोन करून विचारलं. ते म्हणाले, "वापरा, पण जाताना झाडून घ्या."

दर्शूला तयार करायचं काम कल्पनेनं केलं. ती आत जाऊन काय बोलली ते मला माहीत नाही. मी विचारायला गेलो तेव्हा तिनं हातानंच थांबवलं. रविवारी सकाळी दर्शू केस विंचरून, पांढरा कोट हातावर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "एकदाच. नाही जमलं तर विषय संपला."

आम्ही दहा वाजता बंगल्यावर पोचलो. फाटकावर आठ फुटी फ्लेक्स होता. वर सुनीलचा फोटो, गॉगलसह. खाली सतरा शुभेच्छुकांचे. कोपऱ्यात दर्शूचा, दहावीतला, दोन वेण्यांचा. मजकूर : 'परदेशी डॉक्टर प्रियदर्शिनीताई आपल्या गावात! भव्य आरोग्य मेळावा. सर्व जुने आजार.'

"सुनील, माझा संदेश काय होता?"

"तुमचा लई मोठा व्हता, सर. कोन वाचतंय एवढं? मी आटपशीर केला."

आत साठेक माणसं बसली होती. मी ओळीपुढं उभं राहून विचारलं, सुदृढ किती? कुणी हात वर केला नाही. रविवारी आवणीला सुट्टी घेऊन माणसं आली होती ती आपापलं खरं दुखणं घेऊन : गुडघे, कंबर, चिखल्या, एकाचा बैल. मी बांधकामाच्या विटांवर चढून शांतपणे सांगितलं, की ही डॉक्टर नाही, विद्यार्थिनी आहे. इथं औषध मिळणार नाही. आज फक्त खोटे आजार घेतले जातील. लोकांनी ऐकून घेतलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "चालंल की. आदी खोटं बगा, मग खरं बगा."

खिडक्यांना चौकटी नसलेल्या एका खोलीत दर्शू दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बसली. मी खिडकीबाहेर शाळेचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. पहिला नथू. त्याला चिठ्ठी होती अपेंडिक्सची. त्यानं ती पाठ केली होती, कविता म्हणतात तशी. "काल सकाळपास्नं बेंबीपाशी दुखत व्हतं, आता..."

"आता उजवीकडं खाली सरकलंय, उलटी झाली, ताप आहे," दर्शू म्हणाली. नऊ सेकंद.

"व्हय," नथू म्हणाला. "पण माजं आजून लई पाठ हाय."

बाहेर आल्यावर मी विचारलं, ऐकून घेतलं का तिनं? नथू चपलेकडे पाहत म्हणाला, "सर, खोटं सांगू का?" दुसऱ्या बाईला आठ सेकंद मिळाले. तिसऱ्याला सात. चौथ्यानं तोंड उघडलं आणि दर्शू म्हणाली, "मायग्रेन." मग तिनं स्वतःच कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

त्या क्षणी बाळाबाई चिठ्ठी न घेताच आत जाऊन समोरच्या खुर्चीत बसल्या.

"आजी, तुमचा आजार कुठला? चिठ्ठी?" दर्शूनं विचारलं.

"चिठ्ठी कशाला? खरं हाय की माज्याकडं."

"खरं मला चालत नाही, आजी. मी नापास झालेय."

"मग तर तुला येळ असंल," बाळाबाई म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.

त्यांनी सुरुवात केली ती शेळीपासून. शेळी व्यायली. तिचं एक करडू गेलं. त्या दिवशी उन्हात उभ्या राहिल्या तेव्हा चक्कर आली. पण ती पहिली नव्हती, पहिली आली ती सूनबाई माहेरी गेली होती तेव्हा. सून कशाला गेली, तर तिच्या भावाच्या लग्नाची सुपारी होती. सुपारीत जेवण चांगलं नव्हतं. स्टॉपवॉच चार मिनिटांवर गेलं. मला राहवलं नाही. मी खिडकीतून म्हणालो, "बाळाबाई, जरा मुद्द्यावर..."

दर्शूनं मान न वळवता हाताचा पंजा वर केला. माझ्या दिशेनं. वर्गात गडबड करणाऱ्या मुलाला मी करतो तसाच. "बाबा, तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली. मी बाहेरच होतो. आणखी बाहेर म्हणजे चिखलात. मी चिखलात उतरलो. माझे काही माजी विद्यार्थी हे पाहत होते, आणि ते हसले नाहीत ही त्यांची मोठी सभ्यता. आणि ती मी त्यांना शिकवली नव्हती.

दर्शू आता फक्त दोनच गोष्टी म्हणत होती. एक, "मग?" आणि दुसरी, "हं."

शेळीवरून बाळाबाई नवऱ्यावर आल्या. नवरा माघात गेला. चांगला माणूस, बोलायचा कमी. त्याची कांबळी वाटून टाकली, काठी नथूनं ठेवली. "अन् गोळ्या तशाच राह्यल्या. डबाभर. सरकारी हायेत, चांगल्या हायेत. फेकायच्या कशा? त्येनं रोज याद करून खाल्ल्या. म्हटलं, आपुन संपवू. रोज सकाळी एक खाते."

"कसल्या गोळ्या, आजी?"

"साकरंच्या."

"तुम्हाला साखर आहे?"

"मला कुटली? त्येंना व्हती की."

"आणि चक्कर कधी येते?"

"गोळी खाल्ल्यावर. आकराच्या सुमाराला. घाम सुटतो, हातपाय कापत्यात. मग जेवले की बरं वाटतं. चार डाक्टरांकडं जाऊन आले. पण ते शेळीपास्नंच उठवत्यात."

नथू दारातून ओरडला, "आयं! तू बाच्या गोळ्या खातीस?"

"मग काय उकिरड्यावर टाकू?"

तेवीस मिनिटं झाली होती. आणि या तेवीस मिनिटांपैकी शेवटची नऊ मिनिटं दारात एक बाई उभ्या होत्या, हातात फाइल, मागे जीपचा ड्रायव्हर. तालुक्याच्या आरोग्य खात्याकडून आलेल्या डॉ. मेधा ढमाले. 'कासार आंबोली येथे बोगस डॉक्टर' अशी निनावी तक्रार सकाळीच पोचली होती. सुनीलच्या मते ती विरोधी पॅनेलच्या माणसानं केली, कारण फ्लेक्सवर त्याचा फोटो घेतला नव्हता.

"परवाना आहे?" डॉ. मेधांनी विचारलं.

मी पुढं झालो. "त्याचं असं आहे मॅडम, वस्तुस्थिती..."

"नाही," दर्शू उठून म्हणाली. साठ माणसं ऐकत होती. "चौथ्या वर्षाला आहे. परवान्याच्या प्रात्यक्षिकात नापास झालेय. सराव करत होते."

एकोणीस अधिक सहा, असे पंचवीस दिवस हे वाक्य तिनं चारचौघांत मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ती ते पत्ता सांगावा तसं म्हणाली.

"औषध दिलं कुणाला?"

"नाही. यांचं एक बंद करायला हवं, पण ते मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा. आणि साखर आत्ताच मोजायला हवी."

डॉ. मेधांनी पिशवीतून छोटं यंत्र काढलं, बाळाबाईंच्या बोटाला टोचलं आणि आकडा पाहिला. अठ्ठावन्न. मग बोगस डॉक्टरचं प्रकरण त्या विसरल्या. बाळाबाईंना तिथंच साखरपाणी पाजलं, वर आत्यानं आणलेली भाकरी खायला घातली. "या गोळ्यांचा असर लांबतो. आरोग्य केंद्रावर नेऊन दिवसभर लक्ष ठेवावं लागेल," त्या म्हणाल्या. बाळाबाई म्हणाल्या, येते, पण जीपमधी पुढं बसनार. ड्रायव्हर त्यांना आणि सूनबाईंना घेऊन गेला.

जीप परत येईपर्यंत डॉ. मेधांना थांबणं भाग होतं. त्यांनी विटांवर बसून पंचनामा लिहिला. मी नजर टाकली. अक्षर स्वच्छ होतं. 'डॉक्टर : नाही, तसा दावाही नाही. रुग्ण : चार बनावट, एक खरा. औषध दिले नाही. चुकीचे एक उघडकीस आले. फ्लेक्स : तात्काळ उतरवावा.' सुनीलनं सही करताना विचारलं, फक्त वरचा भाग ठेवला तर? त्यांनी 'तात्काळ'खाली रेघ ओढली.

मग त्यांनी रांगेकडे पाहिलं. "इतकी माणसं आलीच आहेत तर परत कशाला पाठवायची? प्रियदर्शिनी, तू विचारपूस कर, मी तपासते. आणि हे बघ, मधे बोललीस तर मी बोलेन."

दर्शूनं कोट पुन्हा घातला. दुपारभर ती बसली. गुडघे, कंबर, चिखल्या. बैलवाल्याचंही ऐकून घेतलं, डॉ. मेधांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला आत्या अडवून विचारायची, "आयकलं का तिनं?" आणि 'व्हय' म्हटलं, की खडूनं भिंतीवर रेघ ओढायची. अकरा झाल्यावर रांग संपली. बाकीचे आवणीला गेले होते. सव्वाचार वाजले होते.

"अकराच," दर्शू म्हणाली. अट तिची होती आणि ती माझी मुलगी होती. तिनं एक गुण स्वतःला वाढवून दिला नसता.

"बाळाबाई!" आत्या म्हणाली. नथूनं केंद्रावर फोन लावला, आवाज मोठा केला. "आयं, दर्शूताईनं तुजं ऐकलं का?"

"समदं ऐकलं," बाळाबाईंचा आवाज आला. "पण ते मास्तर मधी मधी करत व्हतं."

आत्यानं बारावी रेघ ओढली.

खोलीत फोन लागत होता, पण इंटरनेट नव्हतं. आम्ही सगळे जिन्याला कठडा नसताना गच्चीवर गेलो. टाकीच्या पश्चिमेला उभं राहिलं की दोन काड्या येतात, हे नथूला माहीत होतं. फॉर्ममध्ये एक रकाना होता : 'मागील प्रयत्नात अपयशाचे कारण, पन्नास शब्दांपर्यंत.' मी म्हणालो, प्रकृती अस्वास्थ्य लिही, ते सगळीकडे चालतं. सुनील म्हणाला, पेपर अवघड होता लिवा. दर्शूनं आमच्याकडे पाठ केली आणि इंग्रजीत एकच ओळ लिहिली. तिचा मराठी अर्थ : मी ऐकत नव्हते, आता ऐकते. चार एक्कावन्नला फॉर्म गेला. त्यानंतर बंगला झाडून घेतला, मीही झाडला. भिंतीवरच्या रेघा पुसायला कुणीच पुढं झालं नाही. मालक विचारतील तेव्हा नथू बघून घेईल.

ऑगस्टभर दर्शू डॉ. मेधांच्या परवानगीनं केंद्रावर जाऊन कोपऱ्यात बसायची आणि लोकांचं ऐकायची. सप्टेंबरात ती परत गेली. ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी, निकाल आला. अकरा गुण जास्त घेऊन पास. वागण्याच्या बारा खोल्यांपैकी दहात पूर्ण गुण.

मी शेजारी सांगायला गेलो. बाळाबाई अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होत्या. चक्कर गेली होती, आवाज वाढला होता. नथूनं दोन वेळा हात जोडले, एकदा मला आणि एकदा आकाशाला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे ताई आता डाक्टर झाल्या?"

मी नेहमीप्रमाणे खरं तेच सांगितलं. अजून दीड वर्ष शिक्षण. मग भारतात आल्यावर इथल्या परवान्याची वेगळी परीक्षा.

"आजून एक?" बाळाबाई काम थांबवून म्हणाल्या. "मग सांगा तिला, आमी हाय. या खेपेला घरात बसूनबी बोलू."

"त्या परीक्षेत माणसं नसतात, बाळाबाई. नुसते प्रश्न. संगणकावर. चारांतलं एक उत्तर निवडायचं."

त्यांनी पेंढी पुन्हा उचलली. "आजारी मानूसच न्हाई? मग ती डाक्टरची परीक्षा कशी?"

मी पेंढीच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. नथूनं मात्र खिशातून मोबाइल काढला होता आणि कुणाला तरी विचारत होता, की त्या चार उत्तरांची सोंगं घ्यायला किती माणसं लागतील.